मध्यमपदलोपी

एकतीस वर्षं अँटॉप हिलच्या शाळेत
मी समास सोडवून दाखवले.
साखरभात : साखर घालून केलेला भात.
मधलं गळतं, बाळांनो. 'घालून केलेला' गळतं,
म्हणजे चूल, ढवळणं, हात पोळणं, सगळंच.

आता वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलात
भालचंद्रच्या खुर्चीवर बसते.
खुर्चीच्या एका पायाखाली टायरचा तुकडा.
भाऊ दहा चाकं ठेवून गेला
आणि एक वही, जिच्यात एकही शब्द पुरता नाही.

समोरच्या गाळ्यातले मुनीम, वेलजीकाका,
चष्मा कपाळावर चढवून माझ्यासाठी विग्रह करतात.
एल.आर. म्हणजे बिल्टी.
टी.बी.बी. म्हणजे माल आज, पैसे देव जाणे.
एन.पी. म्हणजे देशभर हिंडायची मुभा,
जी बाई, तुम्हाला नि मला कुणी काढून दिली नाही.
ओ.आर. म्हणजे मालकाच्या जोखमीवर.
मालक म्हणजे मालाचा हं, गाडीचा नव्हे.
पी.ओ.डी. म्हणजे पोच;
सहीशिक्क्याचा कागद परत आल्याशिवाय भाडं सुटत नाही.

मला हसू आलं.
'याला पोच नाही' असं मी
किती जणांच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं असेल!
त्यातलाच एक, शेलार, आज भिवंडी लाइनला चालवतो.
त्यानंच परवा डी.ई.एफ. शिकवलं :
युरिया हो बाई, ती निळ्या टोपणाची टाकी.
संपली की गाडी रुसते,
डिझेल काठोकाठ असलं तरी चढावर बैलासारखी बसते.
आणि चुकून तिच्यात डिझेल ओतलंत, तर लाखाचं काम.
मी लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
तो म्हणाला, शुद्धलेखन तपासू का?

एच.पी. मात्र मीच सांगून टाकलं.
हॉर्सपॉवर. एवढं आम्हालाही येतं.
आर.सी. बुकावर बोट ठेवत काका म्हणाले,
ही घोड्यांची नाही, बँकेची ताकद.
आर.टी.ओ.त याला बोजा म्हणतात.
बोजा चढवला, बोजा उतरवला.
गाडी रिकामी उभी असली तरी हा वर असतोच,
अजून एकोणीस हप्ते.

वही हळूहळू बोलू लागली.
ह. हमाली, वा. वाराई.
का. म्हणजे वजनकाटा की मारलेला काटा,
ते पुढच्या आकड्यावरून ठरवायचं.
चि. म्हणजे चिरीमिरी.
मी आठवडाभर चिपळूण समजत होते,
म्हणत होते, भाला नागपूरला जाताना
दर खेपेला चिपळूणला कशाला जायचा?

एकच राहिलं.
दर महिन्याच्या पाच तारखेला : सु. ५००.
सुटे? काकांनी मान हलवली.
सुतळी? सुरत? पाचशेत सुरत होत नाही.
माझं नाव प वरून. वहिनीचं र वरून,
आणि वहिनीला मी विचारलं नाही.

पाच तारखेला उन्हाचा एक माणूस दारात आला.
उजव्या हाताला अंगठा धरून तीन बोटं.
भालाचा जुना क्लीनर.
खोपोलीला जॅक सरकला, त्यालाही झाली नऊ वर्षं.
बसा म्हटलं, बसला नाही.
चार महिने गावाकडं होतो, बीडला,
मालकांचं आत्ता गेटवर कळलं, म्हणाला.
निघतो.
थांबा, नाव काय तुमचं?
सुग्रीव.

बिल्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत ओ.आर. असतं,
भालानं ते वेगळं वाचलं असावं.

गल्ल्यातून नोट काढून दिली.
वहीत तारीख टाकली, लिहिलं : सु.
टिंब दिलं.
एकतीस वर्षांची सवय, हात पुढचं लिहायला निघालाच होता.
बाहेर रामकरण हॉर्न देत होता,
काट्यावर आमचा नंबर लागला होता.